बाईंच्या नावाने

बाई : म्हणजे माझं पत्र हे माझंच पत्र आहे, याचा पुरावा मी द्यायचा. असंच ना?

तंत्रज्ञ : तुम्ही म्हणजे तुमच्या यंत्रानं, मॅडम.

बाई : मला मॅडम म्हणू नका. माझ्या विद्यार्थिनी मला बाई म्हणतात, त्यांचे नवरे बाई म्हणतात आणि वीजबिल द्यायला येणारा माणूसही बाईच म्हणतो. तुम्ही त्याला अपवाद असावं, असं काही कारण मला दिसत नाही.

तंत्रज्ञ : बरं, बाई. ते कपाटात घरघरतंय, तेच ना यंत्र?

सून : तेच. वरच्या खणात पेपर कटिंगचे गठ्ठे, खालच्या खणात सर्व्हर.

तंत्रज्ञ : वहिनी, याच्यावर चिंध्या पडल्यात.

बाई : शिवणवर्गात चिंध्याच पडणार. सांभाळून हात लावा. घरबसल्या शिवण शिकवण्याचा हा वर्ग मी सुरू केला तेव्हा धडे टपालानं जात होते, आता या यंत्रातून जातात. दर सोमवारी धडा, आणि धड्याखाली प्रत्येकीच्या कामावर माझा शेरा. त्या कपड्याचा फोटो पाठवतात, मी तो भिंगाखाली धरून पाहते आणि जे दिसतं ते लिहिते. स्वतः टाइप करते. एका बोटानं करते, पण स्वतः करते.

तंत्रज्ञ : आणि ती पत्रं पोचत नाहीत.

बाई : माझ्या धाकट्या बहिणीला प्रत्येक धड्याची प्रत जाते. मागच्या आठवड्यात ती मला फोनवर म्हणाली, "अक्का, तुझी पत्रं माझ्याकडे कचऱ्यात पडतात." कचऱ्यात! एका बाजूला लॉटरीची जाहिरात, दुसऱ्या बाजूला टकलावर केस उगवण्याचं तेल, आणि मधोमध माझा कॉलरचा धडा.

तंत्रज्ञ : हल्ली सगळ्यांचंच असं होतंय. एका ट्रॅक्टरच्या शोरूमची तर हजारो पत्रं—

बाई : ट्रॅक्टरवाल्यांचं दुःख आपण नंतर वाटून घेऊ. आधी माझी अडचण नीट समजून घ्या. माझ्या थोरल्याचा फरश्यांचा व्यापार आहे आणि त्याला गोदामाला जागा हवी आहे. या महिन्याच्या अखेरीपर्यंत दुसऱ्या वर्षाला पुरेशा मुलींनी नावं घातली नाहीत, तर वर्ग बंद आणि या खोलीत फरश्यांची खोकी. मी त्याला तसा शब्द दिलेला आहे. दुसऱ्या वर्षाचं निमंत्रण येत्या सोमवारच्या पत्रात जाणार आहे. ते प्रत्येकीच्या हातात पडलं पाहिजे.

सून : भाऊजी मागच्या रविवारी टेप घेऊन आले होते. भिंती मोजून गेले.

बाई : माझ्याच टेपनं.

तंत्रज्ञ : मला एक कळत नाही. पत्रं कचऱ्यात पडतात, तर मग मुली उत्तरं कशी देतात? देतात ना?

बाई : देतात तर! आणि कशी देतात! परवाचंच सांगते. एकीच्या झग्याच्या बाहीवर मी लिहिलं होतं, "ही बाही नव्हे, पोत्याचं तोंड आहे. मुंढा अर्धा इंच खोल कापलात. मला कापडाची दया आली. उसवून पुन्हा शिवा." तिचं उत्तर आलं, "बाई, तुमचे शब्द वाचून डोळ्यांत पाणी आलं. इतक्या मायेनं मला आजवर कुणी समजावलं नव्हतं."

तंत्रज्ञ : पोत्याच्या तोंडाला?

बाई : लोकांना स्पष्ट बोलण्याची भूक असते. हल्ली त्यांना ते कुठे मिळत नाही.

सून : तुम्ही ते पुराव्याचं सांगत होतात ना? किती वेळ लागेल?

तंत्रज्ञ : हां. तर तीन गोष्टी करायच्या. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क.

बाई : ही औषधं आहेत का?

तंत्रज्ञ : औषधंच समजा. पहिली म्हणजे यादी. तुमच्या नावानं पत्र टाकायची परवानगी कुठल्या यंत्रांना आहे, ते जगजाहीर लावून ठेवायचं. पत्र ज्याच्या दारात जातं तो आधी ती यादी बघतो. यादीत नसलेल्या यंत्राकडून आलं, तर त्याला संशय येतो.

बाई : सध्या यादीत काय आहे?

तंत्रज्ञ : यादीच नाही. दुसरी गोष्ट शिक्का. प्रत्येक पत्रावर तुमचं यंत्र शिक्का मारणार. तो मारायची किल्ली फक्त तुमच्या यंत्रात, आणि ओळखायची खूण सगळ्यांना उघड. मधे कुणी पत्रातलं एक अक्षर जरी बदललं, तरी शिक्का जुळत नाही.

बाई : एक अक्षरसुद्धा?

तंत्रज्ञ : स्वल्पविरामसुद्धा.

बाई : उत्तम. ही पद्धत माणसांनाही लावता आली असती, तर बरं झालं असतं. तिसरी?

तंत्रज्ञ : तिसरी म्हणजे हुकूम. यादीत नाही, शिक्का नाही, आणि वर नाव मात्र तुमचं, असं पत्र कुणाच्या दारात आलं तर त्यानं काय करायचं, ते तुम्ही सांगायचं. एक, आत घ्या, फक्त आम्हाला कळवा. दोन, बाजूला टाका. तीन, दारातूनच परत पाठवा.

बाई : तीन.

तंत्रज्ञ : नाही, तसं नसतं करायचं, बाई. आधी पहिला हुकूम लावायचा. काही आठवडे अहवाल येतात, कुठून कुठून तुमच्या नावानं पत्रं जातायत त्याचे. ते बघायचे आणि मग हळूहळू कडक व्हायचं.

बाई : मी आयुष्यात कधी हळूहळू कडक झालेली नाही.

सून : पण आई, ते म्हणतात तसं आधी बघूया ना. दोन-चार आठवड्यांनी काय बिघडणार आहे?

बाई : महिना संपेल. आणि बघायचं काय? माझ्या नावानं पत्र लिहिण्याची या घरात कुणाची छाती आहे?

सून : घरात नाही... पण बाहेर कुणी, चुकून...

बाई : चुकून लिहीत असेल, तर ते पत्र परत गेलेलंच बरं. तुला नेमकी अडचण काय आहे?

सून : मला कसली अडचण? नुसतं म्हटलं.

बाई : मग तीन लावा. पुन्हा पुन्हा विचारू नका.

तंत्रज्ञ : बघा हां. नंतर माझ्या नावानं ओरडू नका.

बाई : मी कुणाच्या नावानं ओरडत नाही. समोर बसवून ओरडते.

(पुढच्या आठवड्यात, त्याच खोलीत.)

बाई : पोचली, असं तुमचं म्हणणं आहे.

तंत्रज्ञ : एकूण एक पोचली, बाई. कचऱ्यात एकही नाही. शिक्का जुळला, यादी जुळली. असं चोख काम मी त्या ट्रॅक्टरवाल्याकडंही—

बाई : मग हे वाचून दाखवा. पडद्यावर आहे. मोठ्यानं.

तंत्रज्ञ : "बाई, नमस्कार. कालचा शेरा वाचला. मशीन झाकून ठेवलं आहे. दुसऱ्या वर्षाला माझं नाव धरू नये."

बाई : खालचं.

तंत्रज्ञ : "बाई, माझ्या गळपट्टीला तुम्ही गळफास म्हणालात. माझ्या सासूबाईंनीही ते वाचलं. आता त्या मला घरात त्याच नावानं..." हे जरा घरगुती आहे.

बाई : अर्ध्याहून अधिक मुलींनी माघार घेतली आहे. इतक्या वर्षांत असा आठवडा मी पाहिलेला नाही. माझे शेरे बदललेले नाहीत, माझा हात बदललेला नाही. बदल केलात तो तुम्ही केलात. तेव्हा सांगा, काय बिघडवलंत?

तंत्रज्ञ : मी? मी फक्त पोचवली! त्यात काय लिहिलंय, ते मी कशाला बघू?

बाई : अजून एक राहिलं आहे, ते तर वाचा. ही माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. बँकेत नोकरी करते.

तंत्रज्ञ : "आदरणीय बाई, आपली प्रकृती बरी आहे ना? सोमवारी आपल्या नावानं एक पत्र आलं. भाषा अतिशय कठोर होती. आपण असं लिहिणं शक्य नाही. कुणीतरी आपल्या नावाचा गैरवापर करत आहे, असा मला दाट संशय आहे. मी ते पत्र फसवणूक म्हणून कळवलं आहे. आपणही तपासून घ्यावं."

बाई : माझं पत्र. माझ्या बोटानं टाइप केलेलं, माझ्या यंत्रातून गेलेलं, तुमचा तो शिक्का वर मिरवणारं. आणि तिला ते खोटं वाटतं.

तंत्रज्ञ : थांबा. म्हणजे याआधी तिला दुसऱ्याच कुणाची तरी पत्रं येत होती. तुमच्या नावानं.

बाई : कुणाची?

तंत्रज्ञ : अहवालात असणार. रोज येतात ते.

बाई : मग रोज काय पाहिलंत?

तंत्रज्ञ : आता बाई, एकदा लावून दिल्यावर कोण उघडून बघतं? आत्ता उघडतो. हे बघा, हे तुमचं कपाटातलं यंत्र, सगळं हिरवं. आणि हे... अरेच्चा. हे दुसरं आहे. ठोक पत्रं पाठवणाऱ्या एका कंपनीचं. वर नाव तुमचं. सोमवारी, तुमच्या पाठोपाठ, जितक्या मुली तितकी पत्रं. सगळी दारातून परत. तुमच्या तीन नंबरच्या हुकमानं.

बाई : म्हणजे चोर सापडला. पोलिसांत कळवा.

सून : नको, आई.

बाई : का नको?

सून : कंपनीत खातं माझं आहे.

तंत्रज्ञ : मी जरा बाहेर जाऊन तार बघून येतो.

बाई : कुठेही जाऊ नका. तार आत आहे. बस तू, उभी राहू नकोस. केव्हापासून?

सून : मागच्या वर्षापासून. एका मुलीचा फोन आला, धडा मिळाला नाही म्हणून. मग दुसरीचा, मग तिसरीचा. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, त्यांना शोधता येत नाही. म्हणून मी ते खातं उघडलं. तुमचं सोमवारचं पत्र गेलं, की मी तेच पुन्हा तिथून पाठवायची. ते पोचायचं.

बाई : माझं नाही पोचत आणि तुझं पोचतं? हा कुठला न्याय?

तंत्रज्ञ : कंपनीचा स्वतःचा शिक्का असतो ना, बाई. चांगला नावाजलेला. तुमच्या नावाबद्दल तुम्ही काही हुकूमच दिला नव्हता, म्हणून लोक तो शिक्का बघून आत घ्यायचे. म्हणजे कसं, खरं पत्र बिनशिक्क्याचं आणि दुसरं...

बाई : कळलं. तेच पत्र पुन्हा पाठवायचीस म्हणालीस. तेच?

सून : सुरुवातीला तेच. अगदी जसंच्या तसं. मग एकदा एक शब्द बदलला.

बाई : कुठला?

सून : "गाढवी".

बाई : ती होती.

सून : होती. पण तिचं बाळ तान्हं होतं, आई. रात्ररात्र जागून शिवलं होतं तिनं. मग पुढच्या सोमवारी दोन शब्द बदलले. मग हळूहळू...

बाई : हळूहळू तू माझी जागा घेतलीस. पोत्याच्या तोंडाचं काय केलंस? वाच. परत आलेल्यांत असेल, तर ते नको. आधीचं काढ, जे पोचलं ते.

सून : "तुमचा टाका सरळ आणि एकसारखा येतो, तो सगळ्यांना जमत नाही. या बाहीचा मुंढा मात्र अर्धा इंच खोल कापला गेला आहे, त्यामुळे बाही काखेपाशी लोंबते. उसवून पुन्हा शिवा. उसवण्याचा कंटाळा करू नका. मीही पुष्कळ उसवलं आहे."

बाई : अर्धा इंच बदलला नाहीस.

सून : मापाला मी कधीच हात लावला नाही. चूक ती चूकच ठेवली.

बाई : आणि "मीही पुष्कळ उसवलं आहे" हे तुला कुणी सांगितलं? मी असं कुणालाही सांगितलेलं नाही.

सून : तुमच्या पहिल्या मशीनच्या खणात टाके उसवायचं पातं आहे. त्याची मूठ झिजून अर्धी झालीय.

तंत्रज्ञ : वहिनी, पाणी मिळेल का? म्हणजे बाईंना.

बाई : मला पाणी नको. सूनबाई, तू स्वतः माझी विद्यार्थिनी होतीस. लग्नाच्या आधी, टपालाच्या काळात. तुझ्या पहिल्या कामावर मी काय लिहिलं होतं, ते मला आजही आठवतं. कुणीही त्यात साखर घातली नव्हती. तू पळालीस का? टिकलीस. या घरात आलीस. मग या मुलींना ते का झेपू नये?

सून : मी ते वाचलंच नाही, आई.

बाई : काय?

सून : पोस्टमनच्या पिशवीत कुणाची तरी तेलाची बाटली फुटली होती. पाकीट तेलानं चिंब. सगळी शाई पसरलेली. शेवटची ओळ तेवढी लागली. "पुढचा धडा सोबत जोडला आहे." मला वाटलं, बाईंना काम आवडलं. माझ्या आईला मिठी मारली मी. आणि पुढचा धडा शिवायला बसले.

बाई : तुझ्या परकराला मी...

सून : काय लिहिलं होतंत?

बाई : आता ते सांगण्यात अर्थ नाही.

तंत्रज्ञ : म्हणजे तेव्हाही पोचलंच नव्हतं.

बाई : तुम्हाला कुणी विचारलं?

तंत्रज्ञ : नाही, नाही. मी आपलं... बरं, मला एवढं सांगा, आता करायचं काय? वहिनींची कंपनी यादीत घालू का? घातली, शिक्का दिला, की त्यांची पत्रं आजच जातील. नाहीतर आहे तसंच परत पाठवत राहू. तुमच्या नावाचा प्रश्न आहे, तुम्हीच सांगायचं.

सून : आई, नका घालू. मी चुकलेच. तुमचं नाव होतं. तुम्हाला विचारायला हवं होतं.

बाई : विचारलं असतंस, तर मी काय म्हटलं असतं?

सून : नाही म्हटलं असतंत.

बाई : मग विचारण्याचा उपयोग काय होता? तुम्ही सांगा हो, महिना संपायला अजून अवकाश आहे ना?

तंत्रज्ञ : आहे की. पुढचा सोमवार पुरता हातात आहे.

बाई : मग घाला.

तंत्रज्ञ : यादीत?

बाई : यादीत घाला, शिक्का द्या, जे काय द्यायचं ते सगळं द्या. परत आलेली पत्रं आजच्या आज पुन्हा जाऊ देत. थोरल्यानं त्या भिंतीवर पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या आहेत. त्या पुसायचं फडकंही कुणीतरी आणा.

सून : आई—

बाई : मधे बोलू नकोस. आता माझ्या या कपाटातल्या यंत्राविषयी. माझी पत्रं आधी ज्या जागी पडत होती, त्याच जागी ती पुन्हा पडतील, अशी व्यवस्था तुम्हाला करता येईल का?

तंत्रज्ञ : कचऱ्यात?

बाई : मी तो शब्द वापरलेला नाही.

तंत्रज्ञ : इतकी वर्षं या धंद्यात आहे, बाई, पण पत्रं पोचू नयेत याची सोय करून द्या, असं काम मला कुणी दिलं नव्हतं. त्यापेक्षा सोपं सांगू? हे यंत्र बाहेर काही पाठवणारच नाही. तुम्ही नेहमीसारखं लिहायचं, बटण दाबायचं. पत्र जाईल ते फक्त वहिनींच्या पेटीत.

बाई : सगळी?

सून : सगळी, आई. मी वाचेन एकेक.

बाई : तुला त्रास होईल.

सून : मला सवय आहे.

बाई : माझ्या अटी आहेत. मापाला हात लावायचा नाही. "उसवून पुन्हा शिवा" हे वाक्य कुठेही गाळायचं नाही. आणि ज्या मुलीचं काम खरंच चांगलं असेल, तिला मी लिहिलेलं जसंच्या तसं पाठवायचं.

सून : तिला तुम्ही काय लिहिता, आठवतंय ना? "ठीक."

बाई : त्याहून जास्त कशाला लिहायचं?

सून : बरं. "ठीक" म्हणून पाठवीन. पण त्या बँकेतल्या मुलीला काय कळवायचं? ती वाट बघत असेल.

बाई : तूच सांग. आता तूच लिहितेस.

सून : लिहिते, की आपला संशय योग्य होता. यंत्रात दोष सापडला, त्याचा बंदोबस्त केला आहे. यापुढे तसं पत्र येणार नाही.

बाई : हे खोटं आहे.

सून : बंदोबस्त तर खराच केलाय ना, आई.

बाई : ...लिही. आणि दक्षतेबद्दल तिचे आभार मान. खाली माझं नाव घाल.

तंत्रज्ञ : झालं, बाई. वहिनी यादीत आल्या. आता तुमच्या नावानं त्या अधिकृत.

बाई : सूनबाई.

सून : काय, आई?

बाई : ती बाही पोत्याचं तोंडच होती.

सून : होतीच, आई.